सीएफएंजिनवर पॉलिसी कशी मांडायची: कुठे, कशानंतर आणि कधी

माझ्याकडे चाळीसेक सर्व्हर आले तेव्हा प्रत्येकावर क्रॉनमध्ये टाकलेल्या शेल स्क्रिप्ट होत्या. एकच स्क्रिप्ट पाच मशीनवर पाच वेगवेगळ्या रूपांत सापडायची, आणि त्यातली बरोबर कोणती हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. म्हणून आम्ही सीएफएंजिन घेतलं, म्हणजे अनेक सर्व्हरची मांडणी एका ठिकाणी लिहून आपोआप राखणारं सॉफ्टवेअर. ते बसवायला एक दुपार लागली, पण त्यातली पॉलिसी, म्हणजे मशीन कसं असावं हे सांगणाऱ्या फाइली, नीट मांडायला मला कित्येक महिने लागले. मॅन्युअलमध्ये एकेका गोष्टीची माहिती चांगली आहे. सगळ्याची मिळून घडी कशी बसवायची हे मात्र मला चुका करतच कळलं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

कमांड, फाइली आणि क्लासची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- हबसाठी एक लिनक्स मशीन, न बदलणाऱ्या आयपीचं. हब म्हणजे बाकीची मशीन (क्लायंट) जिथून पॉलिसी घेतात ते मशीन.
- मोडलं तरी चालेल अशी दोन-तीन चाचणीची मशीन. तुमच्याकडे डेबियन आणि रेडहॅट दोन्ही घराण्यांचे सर्व्हर असतील तर दोन्हींतलं एकेक घ्या.
- सगळीकडे रूटचा अधिकार, आणि क्लायंटकडून हबकडे टीसीपी पोर्ट ५३०८ उघडा. तुमच्याकडे नेटवर्कची टीम वेगळी असेल तर ही विनंती आजच टाका.
- पॉलिसी ठेवायला गिट रिपॉझिटरी.
- एसएसएच बंद पडलं तरी मशीनवर पोहोचता येईल असा दुसरा रस्ता: व्हर्च्युअल कन्सोल किंवा आयएलओसारखी सोय.
- सर्व्हरची यादी. प्रत्येकाचं नाव, काम (वेब, डेटाबेस, मेल), ते चाचणीचं की प्रत्यक्ष वापरातलं, आणि ते बिघडलं तर फोन कुणाला करायचा.

ही शेवटची यादी करायला कंटाळा येतो, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यादी अर्धवट ठेवून पॉलिसी लिहायला बसू नका.

१. स्क्रिप्टची सवय बाजूला ठेवा

सीएफएंजिन मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात सुरू केलं. आजच्या तिसऱ्या आवृत्तीचा पाया त्यांनी मांडलेली प्रॉमिस थिअरी आहे. नवख्या माणसाला त्यातलं एवढं पुरे: तुम्ही मशीनला 'हे कर, मग ते कर' असं सांगत नाही. 'ही फाइल अशी असेल, हे पॅकेज बसलेलं असेल, ही सर्व्हिस चालू असेल' अशी प्रॉमिस, म्हणजे वचनं लिहिता. प्रत्येक मशीनवरचा एजंट नावाचा प्रोग्रॅम येऊन बघतो. वचन पाळलेलं असेल तर तो काहीच करत नाही, आणि मोडलेलं असेल तर दुरुस्त करतो.

यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हब कुणावर काही ढकलत नाही. प्रत्येक मशीन स्वतः हबकडून पॉलिसी आणतं, स्वतःजवळ प्रत ठेवतं आणि ती प्रत चालवतं. हब बंद पडला तरी मशीन आपल्याजवळच्या शेवटच्या प्रतीवर काम करत राहतात.

हा फेरा नेहमीच्या मांडणीत दर ५ मिनिटांनी होतो. सीएफ-एक्झेकडी नावाचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, सीएफ-एजंटला (वर सांगितलेल्या एजंटला) उठवतो. आधी पॉलिसी ताजी होते, मग ती चालते. म्हणजे तुमची एखादी चूकही ५-१० मिनिटांत सगळीकडे पोहोचते. खालच्या सगळ्या सूचना हे डोळ्यासमोर ठेवून वाचा.

२. हब उभा करा आणि एकच मशीन जोडा

पॅकेज बसवा, हबवर हबचाच आयपी देऊन सीएफ-एजंट बूटस्ट्रॅप करा, म्हणजे हबशी पहिल्यांदा जोडा. मग चाचणीच्या एका मशीनवर तेच पॅकेज बसवून, हबचा आयपी देऊन बूटस्ट्रॅप करा. दोन्ही बाजूंच्या किल्ल्यांची देवाणघेवाण इथे होते.

बहुतेक जण इथे पहिल्यांदा अडकतात. क्लायंटवर 'अनस्पेसिफाइड सर्व्हर रिफ्यूजल' असा निरोप येतो. निरोप मुद्दाम मोघम ठेवलेला आहे, अनोळखी माणसाला नकाराचं कारण कळू नये म्हणून. खरं कारण हबच्या बाजूला शोधायचं असतं, आणि बऱ्याचदा ते परवानगीच्या यादीत सापडतं. सोबत येणाऱ्या पॉलिसीत हबच्या आयपीभोवतीच्या /१६ नेटवर्कलाच (आयपीचे पहिले दोन आकडे सारखे असलेल्या मशीननाच) परवानगी असते. तुमचं क्लायंट मशीन दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल तर ते डेफ डॉट जेसन या फाइलमधल्या एसीएलच्या यादीत घालावं लागतं. तिथे 'सगळ्यांना परवानगी' असं लिहून मोकळं होण्याचा मोह आवरा. तुमच्या पॉलिसीत पुढे अशा गोष्टी येतात, ज्या सगळ्यांनी वाचणं बरं नाही.

एक मशीन दिवसभर शांतपणे चाललं की मगच दुसरं जोडा.

३. फाइली कुठे ठेवायच्या

हबवर मास्टरफाइल्स नावाची डिरेक्टरी असते. मूळ पॉलिसी तिथे राहते. प्रत्येक मशीनवर, हबवरसुद्धा, इनपुट्स डिरेक्टरी असते. एजंट चालवतो ती प्रत या इनपुट्समधली. मशीनवर जाऊन इनपुट्समध्ये दुरुस्ती करू नका. पुढच्या वेळी पॉलिसी ताजी झाली की ती पुसली जाते, आणि 'काल तर चाललं होतं' म्हणत तुम्ही शोधत बसता.

मास्टरफाइल्समध्ये आधीच बरंच काही असतं. लिब डिरेक्टरी, अपडेटची फाइल, प्रॉमिसेस डॉट सीएफ यांना हात लावू नका, नाहीतर पुढची आवृत्ती घेताना प्रत्येक बदल हाताने जुळवावा लागेल. तुमचं लेखन दोनच ठिकाणी हवं: सर्व्हिसेस डिरेक्टरीत तुमच्या फाइली, आणि डेफ डॉट जेसनमध्ये तुमचे क्लास (ते काय हे पुढच्याच भागात येतं) आणि व्हेरिएबल. जेसनमध्ये एखादा स्वल्पविराम राहिला तर पूर्ण फाइलच वाचली जात नाही आणि तुमचे क्लास गायब होतात. म्हणून ती फाइल गिटमध्ये घेण्याआधी कोणत्याही जेसन तपासणाऱ्या साधनातून काढा.

या टप्प्यावरचा आणखी एक सापळा. हबकडून क्लायंटकडे सगळ्या फाइली जात नाहीत. ठरावीक शेपटीच्याच जातात: सीएफ, जेसन, टीएक्सटी, कॉन्फ, मस्टॅश, एसएच अशा. मी एकदा साच्याच्या फाइलला टीएमपीएल शेपटी दिली होती. हबवर सगळं चालायचं, क्लायंटवर मात्र फाइल सापडत नाही म्हणून ओरड. पोर्ट, परवानग्या, किल्ल्या सगळं तपासलं. शेवटी फाइलचं नाव बदलून मस्टॅश केल्यावर पाच मिनिटांत काम झालं. शेपट्यांची यादी वाढवता येते, पण नाव बदलणं सोपं.

मास्टरफाइल्समध्ये काहीही टाकण्याआधी सीएफ-प्रॉमिसेस चालवून व्याकरण तपासा. ही तपासणी गिटच्या रिपॉझिटरीतच बांधून टाका, म्हणजे कुणाच्या लक्षात राहण्यावर ती अवलंबून राहणार नाही.

४. कुठे चालणार: क्लास

सीएफएंजिनमधला क्लास म्हणजे फक्त हो किंवा नाही. या मशीनबद्दल ही गोष्ट खरी आहे का? लिनक्स, डेबियन, रेडहॅट, सोमवार, रात्रीचे दोन, मशीनचं नाव, हे क्लास एजंट स्वतः ठरवतो. 'वेब सर्व्हर', 'प्रत्यक्ष वापरातला', 'चाचणीचा' हे क्लास तुम्ही ठरवायचे. सुरुवातीला केलेली यादी इथे कामाला येते: ती डेफ डॉट जेसनमध्ये क्लासच्या रूपात लिहा.

नावं नीट ठरवा. मी दोन प्रकारचे क्लास ठेवते: भूमिकेचे (भूमिका_वेब, भूमिका_डेटाबेस) आणि टप्प्याचे (टप्पा_चाचणी, टप्पा_वापर). पॉलिसी वाचताना उपसर्गावरून लगेच कळतं की क्लास आमचा आहे की सीएफएंजिनचा. एखाद्या मशीनचं नाव पॉलिसीत थेट लिहू नका. मशीन बदललं की ते नाव दहा फाइलींत शोधावं लागतं.

लक्षात ठेवण्यासारखे चार खाचखळगे:

मशीनच्या नावातलं हायफन आणि टिंब क्लासमध्ये अंडरस्कोर होतं. वेब-०१ या मशीनचा क्लास वेब_०१ असतो. जेसनमध्ये हायफन ठेवलात तर क्लास कधीच लागत नाही आणि कसलीही चूक दाखवली जात नाही.

जेसनमधली नावं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचे पॅटर्न, म्हणून वाचली जातात आणि मशीनवरच्या सगळ्या क्लासशी ताडली जातात. सैल पॅटर्न लिहिलात तर तो भलत्याच क्लासशी जुळतो आणि नको ते मशीन गटात येतं.

उबंटूवर डेबियन हा क्लासही खरा असतो. 'डेबियनवर हे, उबंटूवर ते' असं लिहिलंत तर उबंटूवर दोन्ही चालतं.

आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा: क्लासची अट लिहिली की ती खालच्या एकाच ओळीला लागत नाही. त्याच प्रकारच्या प्रॉमिसमध्ये पुढची अट येईपर्यंत ती चालू राहते. 'रेडहॅट' लिहून एक ओळ टाकली, खाली सगळ्यांसाठीची ओळ टाकली, की ती दुसरीही फक्त रेडहॅटवरच चालते. सगळ्यांसाठी असेल तिथे 'एनी' हा क्लास स्पष्ट लिहा.

कोणत्या मशीनवर काय लागू आहे हे अंदाजाने ठरवू नका. त्या मशीनवर सीएफ-प्रॉमिसेस शो-क्लासेस पर्यायासह चालवा आणि यादी डोळ्यांनी वाचा.

५. कशानंतर चालणार: क्रम

स्क्रिप्टमधून आलेल्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. तुम्ही फाइलीत वर पॅकेज लिहिलं, खाली कॉन्फिग फाइल लिहिली, म्हणून त्या क्रमाने काम होईल असं नाही. बंडलच्या, म्हणजे नाव दिलेल्या प्रॉमिसच्या गटाच्या, आत प्रकारांचा क्रम सीएफएंजिनने ठरवलेला आहे: आधी व्हेरिएबल आणि क्लास, मग फाइली, मग पॅकेज, मग मेथड (दुसरं बंडल बोलावणारी प्रॉमिस), प्रोसेस, सर्व्हिस, कमांड, आणि शेवटी रिपोर्ट. एकाच प्रकारातल्या ओळी मात्र लिहिलेल्या क्रमाने होतात. एजंटच्या एकाच रनमध्ये हा सगळा फेरा प्रत्येक बंडलमध्ये तीनदा होऊ शकतो.

म्हणजे फाइल पॅकेजच्या आधी. क्रॉनीचं उदाहरण घ्या. मशीनची घड्याळं जुळवणारी ही सर्व्हिस सगळीकडे लागते, म्हणून सुरुवातीला सरावालाही चांगली. पॅकेज बसवायचं, कॉन्फिग टाकायची, बदल झाला तर रिस्टार्ट करायचं. नुसतं लिहिलंत तर कॉन्फिग आधी पडेल आणि पॅकेज नंतर येईल. मी ते असं बांधते:

- पॅकेजच्या प्रॉमिसला सांगा: तू पाळलं गेलंस किंवा दुरुस्त झालंस की 'क्रॉनी_पॅकेज_तयार' हा क्लास लाव.
- फाइलच्या प्रॉमिसवर अट ठेवा: 'क्रॉनी_पॅकेज_तयार' असेल तरच. पहिल्या फेऱ्यात क्लास नसतो, म्हणून फाइल सुटते. दुसऱ्या फेऱ्यात क्लास असतो, फाइल पडते.
- फाइल दुरुस्त झाली तर 'क्रॉनी_कॉन्फिग_बदलली' हा क्लास.
- रिस्टार्टच्या कमांडवर त्या क्लासची अट.

डेबियन घराण्यात ही फाइल ईटीसीतल्या क्रॉनी डिरेक्टरीत असते आणि सर्व्हिसचं नाव क्रॉनी. रेडहॅटमध्ये फाइल थेट ईटीसीत आणि सर्व्हिस क्रॉनीडी. हा फरक व्हेरिएबलमध्ये एकदाच लिहा. खालची प्रॉमिस दोन्हीकडे सारखी राहू द्या.

आता क्लासच्या नावात 'क्रॉनी' का घातलं ते सांगते. माझ्या पहिल्या पॉलिसीत प्रत्येक बंडलमध्ये मी एकच नाव वापरलं होतं: 'कॉन्फिग_बदलली'. मला वाटलं, क्लास त्या बंडलपुरताच राहील. क्लासच्या भागात लिहिलेला क्लास एजंटच्या बंडलपुरता राहतो, हे खरं. पण प्रॉमिसच्या निकालावरून लागलेला क्लास, तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर, त्या रनमधल्या पुढच्या सगळ्या बंडलना दिसतो. एका सकाळी मी क्रॉनीच्या फाइलमधली टाइम सर्व्हरची एक ओळ बदलली. क्रॉनी रिस्टार्ट झालं. यादीत त्याच्या पुढे डेटाबेसचं बंडल होतं, त्यालाही 'कॉन्फिग_बदलली' दिसलं, आणि कामाच्या वेळेत वापरातला डेटाबेस रिस्टार्ट झाला. लॉगमध्ये एजंटने सांगितलेलं काम चोख केल्याची नोंद होती. चूक माझ्या नावात होती.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. निकालाच्या क्लासच्या नावात बंडलचं नाव असलंच पाहिजे. आणि डेटाबेससारख्या सर्व्हिसचं रिस्टार्ट पॉलिसी स्वतः करणार नाही. ती फक्त 'रिस्टार्ट बाकी आहे' असा रिपोर्ट देईल, वेळ माणूस ठरवेल.

बंडलांचा आपसातला क्रम कसा ठेवायचा? ऑटोरनची सोय आहे: जेसनमध्ये तो क्लास लावला की सर्व्हिसेसच्या आतल्या ऑटोरन डिरेक्टरीतल्या फाइली आपोआप घेतल्या जातात आणि 'ऑटोरन' अशी खूण केलेली बंडलं चालतात. पण ती नावांच्या अक्षरक्रमाने. क्रम साधावा म्हणून बंडलांना विचित्र नावं देऊ नका. खूण असलेलं एकच मुख्य बंडल ठेवा आणि त्यात मेथड प्रॉमिस वापरून बाकीची बंडलं हव्या त्या क्रमाने बोलवा. आमचा क्रम असा: आधी घड्याळ आणि डीएनएस, मग युजर आणि एसएसएच, मग सगळ्यांची समान पॅकेजं, त्यानंतर भूमिकेप्रमाणे वेब, डेटाबेस, मेल. नव्या माणसाला ही एक फाइल दाखवली की पूर्ण मांडणी कळते.

६. कधी चालणार: वेळ

सगळी मशीन एकाच क्षणी हबवर तुटून पडू नयेत म्हणून सीएफ-एक्झेकडीत स्प्लेटाइम असतो. प्रत्येक मशीन ठरलेल्या मिनिटांच्या आत आपापल्या वेळी निघतं. तो शून्य करू नका.

रात्रीच करायची कामं वेळेच्या क्लासवर ठेवा. पण हे क्लास मशीनच्या स्थानिक वेळेनुसार लागतात. सर्व्हर यूटीसीवर असेल तर तिथले रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. काही मशीन यूटीसीवर आणि काही भारतीय वेळेवर असतील तर एकाच क्लासने दोन वेगळ्या वेळी काम होईल. यावर उपाय तयार आहे: जीएमटी उपसर्गाचे क्लास सगळीकडे एकाच क्षणी लागतात. तेच वापरा.

दोनच्या तासाचा क्लास तासभर खरा असतो, म्हणजे त्या तासात एजंट साधारण १२ वेळा येतो. काम एकदाच हवं असेल तर तासासोबत मिनिटांचा क्लासही जोडा.

७. सोडण्याआधी

नवं प्रॉमिस पहिल्यांदा दुरुस्तीला लावू नका. त्याच्या ॲक्शनमध्ये 'वॉर्न' लिहा. मग एजंट फक्त सांगतो: इथे वचन मोडलं आहे, मी हात लावलेला नाही. आम्ही एसएसएचची कॉन्फिग आठवडाभर अशी ठेवली होती. त्यात दोन मशीन अशी निघाली जिथे कुणीतरी कारणाने वेगळं पोर्ट ठेवलं होतं. थेट दुरुस्ती लावली असती तर ती दोन्ही हातातून गेली असती.

मग हा क्रम:

१. चाचणीच्या मशीनवर हाताने एजंट चालवा, नो-लॉक आणि इन्फॉर्म पर्यायांसह. नो-लॉक का? एजंट नुकतंच तपासलेलं प्रॉमिस थोडा वेळ पुन्हा तपासत नाही. ते माहीत नसेल तर 'बदल केला तरी काही होत नाही' असं वाटून तुम्ही बरोबर असलेली फाइल मोडाल.

२. ड्राय-रन करून बघा, म्हणजे एजंट बदल न करता काय बदलेल ते फक्त सांगतो. त्याच्यावर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका: व्हेरिएबल भरण्यासाठी एक्झेक-रिझल्टने बोलावलेली कमांड ड्राय-रनमध्येही चालते. तिथे फक्त माहिती वाचणाऱ्या कमांडच ठेवा.

३. दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी एजंट काहीही न करता परतला पाहिजे. दर वेळी काहीतरी 'दुरुस्त' होत असेल तर दोन प्रॉमिस एकाच फाइलवर भांडत आहेत, किंवा एखादी कमांड अटीशिवाय लिहिली आहे.

४. टप्पा_चाचणी, मग प्रत्येक भूमिकेतलं वापरातलं एक मशीन, मग बाकीची. मधे किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, म्हणजे रात्रीची कामंही त्यात येतात. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा टप्पा उघडू नका.

८. बिघडलंच तर

मशीनवरच्या आउटपुट्स डिरेक्टरीत एजंटच्या प्रत्येक रनचं बोलणं साठतं. काहीही उलगडत नसेल तर आधी तिथे बघा, मग हबवर.

चूक पसरायला लागली आहे असं दिसलं तर मशीनवर जाऊन फाइली दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, एजंट पुन्हा येऊन त्या बदलेल. हबवर गिटमध्ये मागचा कमिट परत आणा, सीएफ-प्रॉमिसेसने तपासा, मास्टरफाइल्समध्ये टाका. मशीन पुढच्या फेऱ्यांत तो घेतील. पण मागची पॉलिसी आली म्हणून मागची अवस्था परत येतेच असं नाही. चुकीच्या पॉलिसीने एखादी फाइल पुसली असेल, आणि जुन्या पॉलिसीत त्या फाइलबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर ती तुम्हालाच बॅकअपमधून आणावी लागेल.

एखादं मशीन तेवढाही वेळ थांबू शकत नसेल, तर तिथली सीएफएंजिनची पूर्ण सर्व्हिस थांबवा. नुसती चालू असलेली एजंटची प्रोसेस मारली तर एक्झेकडी पाच मिनिटांत दुसरी उभी करतो. थांबवलेल्या मशीनचं नाव, वेळ आणि तुमचं नाव टीमच्या ग्रुपवर त्याच क्षणी लिहा. आमच्याकडे असं थांबवलेलं एक मशीन दोन महिने तसंच राहिलं होतं, आणि ते कळलं तेव्हा त्यावर नोकरी सोडून गेलेल्या माणसाची एसएसएच किल्ली अजून चालू होती.